आतली बाजू

शर्यतीच्या मोटारीशी आमचा संबंध यावा, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. आमचे सारे आयुष्य इंग्रजी काव्य शिकविण्यात गेले. परंतु आमच्या कॉलेजातील काही विद्यार्थ्यांनी स्वतः मोटार बांधून स्पर्धेत उतरविण्याचे ठरविले, आणि त्यांच्या खर्चावर सही करण्याचे काम, काटकसरी माणूस म्हणून, आमच्याकडे आले.

पहिला वाद निघाला तो हेडरचा. इंजिनाच्या चारही सिलिंडरांतील जळालेला वायू बाहेर आणून पुढे एकत्र करणाऱ्या नळ्यांस हे नाव आहे. त्यांतून ८०० ते ९०० अंश सेल्सियस उष्णतेचा वायू धावतो. अशा नळ्या कशाच्या कराव्यात? साधे पोलाद स्वस्त व वाकविण्यास सोपे. पण ते तापले की खवले धरते आणि पुढे गंजते. टायटॅनियम वजनाला पोलादाच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक. परंतु फार तापल्यास हवेतील प्राणवायू शोषून ते ठिसूळ होते. इन्कोनेल ही निकेल व क्रोमियम यांची मिश्रधातू फॉर्म्युला वनच्या गाड्यांत वापरतात. तिची किंमत ऐकून आम्ही पाणी मागविले!

उरले स्टेनलेस स्टील. त्यातील ३०४ या जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. मात्र ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान ते फार वेळ राहिले, तर त्यातील कार्बन कणांच्या सीमांवर क्रोमियमला धरून बसतो आणि तेथे पोलादाचे संरक्षण नाहीसे होते. ३२१ या जातीत थोडे टायटॅनियम घातलेले असते. कार्बन त्याच्याशी संधान बांधतो व क्रोमियम शाबूत राहते. परंतु ते महाग. एका हंगामापुरते ३०४ पुरेल, असे मुलांनी ठरविले. आणि हा निर्णय शहाणपणाचाच होता.

पुढे लेपाचा प्रश्न आला. नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळणे स्वस्त. पण ती ओलावा धरून ठेवते आणि आत धातू कुजतो. सिरॅमिकचा लेप दिला म्हणजे उष्णता वायूतच राहते, वायूचा वेग टिकतो, शेजारचे भागही होरपळत नाहीत. त्या लेपाचा नमुना फार देखणा होता. आम्ही आनंदाने सही केली.

शेवटची बाब होती आर्गॉन वायूच्या जादा नळकांड्याची. “हा कशाला?” आम्ही विचारले. एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, वेल्डिंग करताना नळीच्या आतही आर्गॉन भरावा लागतो. नाहीतर जोडाची आतली बाजू हवेने जळते.” आम्ही म्हणालो, “अहो, आत पाहायला कोण जाणार आहे?” आणि ती बाब खोडली. मुलगी काही बोलली नाही.

स्पर्धेच्या दिवशी, लांब पल्ल्याच्या शर्यतीत, अकराव्या फेरीला गाडीचा आवाज एकाएकी फाटला. एक नळी जोडापाशी तडकली होती. तापल्यावर स्टेनलेस स्टील साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते; तो ताण आणि इंजिनाची थरथर दुबळ्या जोडाला सोसली नाही. तड एका दिवसात गेली नसावी. परंतु वर लेप इतका सुरेख होता की ती कोणास दिसलीच नाही. नळी कापली तेव्हा आत करपलेल्या साखरेसारखी काळी, खरबरीत खपली आढळली.

आमच्या लहानपणी दारात कल्हईवाला येई. भांडे परत घेताना आई बाहेरच्या झळाळीकडे पाहतही नसे. आत बोटे फिरवून पाही. जिथे अन्न लागते तिथे कल्हई हवी, एवढे तिला पक्के ठाऊक होते. तिच्या शेजारी बसून आम्ही हे कितीदा पाहिले होते! पुढे पुष्कळ ग्रंथ वाचले, आणि नेमके तेवढेच विसरलो.

आता दर वर्षी अंदाजपत्रकात आर्गॉनची बाब आम्ही स्वतः पहिल्या ओळीत लिहितो. परंतु त्या मुलीचे ते कॉलेजातील शेवटचे वर्ष होते.