टेबलाची जागा

यंदा थोरल्या लेकीला कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी. कम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला. अल्लाहचे शुक्र अदा केले आणि दुसऱ्याच दिवशी घरात प्रश्न उभा राहिला: लॅपटॉप घ्यायचा की डेस्कटॉप?

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये राहतो. एक खोली आणि स्वयंपाकघर, माणसे पाच. मुलांचे अब्बा जीन्सच्या कारखान्यात कटिंग करतात, मी घरी बसून पँटींचे धागे कापते. भिशीचे तीस हजार नुकतेच हाती आले होते. हप्त्यावर भारी लॅपटॉप मिळत होता, पण व्याजाच्या वाटेला जायचे नाही हे आमचे आधीपासून ठरलेले.

माझा भाऊ कम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. तो म्हणाला, “आपा, एवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो. पुढे रॅम वाढवता येते. कीबोर्ड बिघडला तर तेवढाच बदलायचा. लॅपटॉपचे मात्र एवढे सोपे नसते. पण तो दप्तरात मावतो आणि लाइट गेली तरी थोडा वेळ चालतो. डेस्कटॉपला यूपीएस लावला तर दहा-पंधरा मिनिटे मिळतील, काम सेव्ह करून बंद करण्यापुरती.”

मी म्हटले, “मग लॅपटॉपच घेऊ. त्याला जागा लागत नाही.”

लेक हळूच म्हणाली, “अम्मी, जागा तर मलाच हवी आहे.”

मी गप्प झाले. बारावीचा सगळा अभ्यास तिने पलंगाच्या कडेला बसून केला होता. पाहुणे आले की ती स्वयंपाकघरात, तिथे माझी फोडणी सुरू झाली की दारात. लॅपटॉप घेतला असता तर तोही तिच्याबरोबर असाच फिरला असता.

कोपऱ्यात माझ्या लग्नातले शोकेस होते. काचेची भांडी खोक्यात भरून माळ्यावर टाकली, शोकेस विकले आणि तिथे टेबल आले. मन जरा हळहळले, खोटे कशाला बोलू?

अडचणी आहेतच. प्रॅक्टिकल कॉलेजच्या लॅबमध्ये होतात, पण गटाने काम करताना मैत्रिणी लॅपटॉप उघडतात आणि ही पेनड्राइव्ह घेऊन बसते. पावसात एकदा रात्रभर लाइट नव्हती, तेव्हा ती रडकुंडीला आली होती. शेवटच्या वर्षी लॅपटॉप लागलाच तर, इन्शाअल्लाह, पुन्हा भिशी लावू.

पण आता मामू येवोत की फुफी, त्या खुर्चीवरून तिला कोणी उठवत नाही. धाकटा भाऊही विचारून बसतो.

बहिणींनो, दुकानात भाव विचारण्याआधी लेकीला एवढे जरूर विचारा: बेटी, तू अभ्यासाला बसणार कुठे?