चढणीचे मासे

मृगाचा पाऊस पडला की आमच्या जोयडा तालुक्यातील ओढ्यांतून चढणीचे मासे वर निघतात. अंडी घालावयास त्यांना उथळ, वाहते पाणी हवे असते. डिग्गीजवळ उगम पावलेली काळी नदी १८४ किलोमीटरांनी कारवारपाशी समुद्रास मिळते. वाटेत सुपे येथे १०१ मीटर उंचीचे धरण आहे. जुने सुपे त्याच जलाशयाखाली गेले. ती भिंत कोणता मासा चढणार?

परंतु वाचकहो, मला सांगावयाचे आहे ते एका कंबरभर बांधाविषयी, आणि त्याचा आग्रह धरणारा मीच होतो. चर्चच्या माडांना पाणी मिळावे, एवढाच हेतू. दुसऱ्याच पावसाळ्यात बांधाला फांद्या अडकल्या, पाणी फुगून शेजारच्या कुणब्याच्या तरव्यात शिरले. बांधाखाली मासे उड्या मारून थकले होते. तो एवढेच म्हणाला, "फादर, वाट तुम्ही अडवलीत."

अमेरिकेत क्लॅमथ नदीवरील चार धरणे काढण्याचे काम २०२४ साली पुरे झाले आणि त्याच शरदात सामन मासे वर पोहोचले, हे मी वाचले होते. वाचून काय उपयोग झाला होता!

उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मधले दगड काढून खाली उतरत्या पायऱ्यांसारखे रचले. आता फेब्रुवारीनंतर माडांना कळशीने पाणी घालतो. यंदा मृगात पहाटे कंदील घेऊन गेलो, तेव्हा पहिल्या पायरीवर चार मासे होते.