बागेचं फाटक कुणीकडे?

वैशाखी पौर्णिमा माहेरच्या विहारात करायची, हा माझा नेम सहसा चुकत नाही. या खेपेलाही पौर्णिमेच्या आधी चार दिवस बीड जिल्ह्यात जाऊन आले. नवी गोष्ट एवढीच, की अहिल्यानगरहून बीडपर्यंत आगगाडीने गेले. माझं लग्न होऊन मी गोवंडीला आले त्या सुमारास, १९९५ साली, हा अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला होता. तीस वर्षांत माझी लेकरं मोठी झाली, कामाला लागली, आणि मग १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून पहिली गाडी सुटली. खिडकीतून बालाघाटाचे डोंगर उन्हात तापलेले दिसत होते. सीताफळीची झुडपं, मधूनच एखादं लिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत दाटीने उभी शेरडं.

बीडला उतरून एसटीने तालुक्याच्या गावी गेले. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. वाचकहो, पुढे जे सांगणार आहे ते तुमच्याही वस्तीत घडलं असेल.

आमच्या वस्तीला लागून एक पटांगण आहे. आमच्या लहानपणी तिथं एक मोठा लिंब होता, अजूनही आहे. पोरं त्याखाली विटीदांडू, लगोरी खेळायची. आम्ही मुली जिबली आणि सागरगोटे. चौदा एप्रिलला तिथंच मंच लागायचा, लग्नाचा मांडवही तिथंच. काही वर्षांपूर्वी या पटांगणाचं बालोद्यान झालं. भिंत आली, लोखंडी घसरगुंडी आली, झोके आले, सिमेंटची बाकं आली, मधोमध एक कारंजं आलं. फोनवर ऐकलं तेव्हा मला आनंदच झाला होता. आपल्या लेकरांना बाग मिळाली!

या वेळी भाचीला म्हटलं, "चल, तुझी बाग दाखव." ती मला घेऊन निघाली ती थेट भिंतीपाशी. भिंतीला खाली एक भगदाड होतं, ती त्यातून सुळकन आत गेली. मी बाहेरच! मी विचारलं, "फाटक कुठंय गं?" ती म्हणाली, "ते तिकडं. मोठ्या रस्त्याला."

म्हणजे वस्तीकडे बागेची पाठ, आणि फाटक हमरस्त्याला. फाटकातून जायचं तर वस्तीला सगळा वळसा घालायचा, ट्रक-ट्रॅक्टरच्या रस्त्याने चालायचं. लहान लेकराला एकटं कोण पाठवणार? म्हणून पोरांनी भगदाड पाडलं. पण त्यातून म्हातारी आजी जात नाही, पोटुशी बाई जात नाही, एका पायाने अधू असलेला शेजारचा मुलगा जात नाही.

वळसा घालून आत गेले. दुपारचे चार वाजले होते. घसरगुंडीवर ऊन तापत होतं. एक पोरगं ओलं पोतं घेऊन आलं, पत्र्यावर पसरलं, पाणी वाळायच्या आत दोन-तीनदा घसरून घेतलं आणि पोतं उचलून सावलीला पळालं. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा गावी पश्चिमेकडे तोंड केलेली उघडी लोखंडी घसरगुंडी म्हणजे लेकरांसाठी तवाच. लिंब तर भिंतीच्या आतच आहे, पण त्याच्या सावलीत एकही खेळणं नाही. झोक्याच्या चार साखळ्यांपैकी दोन तुटलेल्या. कारंजं कोरडं, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या.

संध्याकाळी आत्याला विचारलं, "आत्या, बाग होताना तुम्हाला कुणी विचारलं नाही का?"

आत्या म्हणाली, "पाटी लावली होती म्हणं, सूचना कळवा म्हनून. पर आमी तव्हा उसाच्या फडात. पाटी वाचाया वस्तीत होतं कोन? म्हातारी मानसं न् शेरडं."

या एका वाक्यात सगळं आलं. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी थोडं सांगते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी निघतात. त्या जोडप्याला 'कोयता'च म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर पाच-सहा महिने राहतात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. कुणाची लेकरं सोबत जातात, कुणाची आजीपाशी राहतात, कुणाची हंगामी वसतिगृहात. या काळात गावात ठराव होतात, नकाशे मंजूर होतात, हरकतींची मुदत येते आणि संपते. कागदावर पाहिलं तर विचारलेलं असतं. पण ज्यांना विचारायचं ते घरात नसताना विचारलेलं असतं.

आता बागेच्या दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे यायचे आहेत, असं वस्तीतल्या पोरांना कळलं होतं. "ताई, या वेळी काय करावं?" असं त्यांनी विचारलं. रात्री विहारात सगळे बसलो. तेव्हा मी त्यांना आमच्या गोवंडीतली गोष्ट सांगितली.

गोवंडीत नटवर पारेख कंपाउंड नावाची मोठी वसाहत आहे. रस्ते आणि रेल्वेच्या कामांत ज्यांच्या झोपड्या गेल्या, त्यांना तिथं सात मजली इमारतींत घरं दिली. इमारती इतक्या खेटून, की खालच्या घरांत दिवसाही दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी केलेला अभ्यास २०१८ साली आला. जिथं उजेड आणि हवा कमी, तिथं क्षयाचे रुग्ण जास्त, हे त्यातून दिसलं. दोन इमारतींमधल्या गल्ल्यांत वरून कचरा पडायचा. लेकरांना खेळायला जागा नव्हती असं नाही. जागा होती, पण ती उकिरडा झाली होती.

तिथं कम्युनिटी डिझाइन एजन्सी या नावाचा वास्तुरचनाकारांचा गट गेली काही वर्षं रहिवाशांबरोबर काम करत आला आहे. त्यांनी आधी माणसांना विचारलं, मग मोकळ्या जागांना हात घातला. बायकांशी, मुलांशी बोलून गल्ल्या साफ झाल्या, बसायच्या-खेळायच्या झाल्या. मुलांसाठी 'किताब महल' नावाचं वाचनालय झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्याच मुलांनी गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरवायला हातभार लावला. तिथले सगळे प्रश्न सुटले असं मी म्हणणार नाही. पण जिथं माणसं नाक दाबून जात होती तिथं मुलं चित्रं काढत बसली, हे थोडं नाही.

विहारात एक पोरगा म्हणाला, "ताई, ते मुंबईचं. आपल्याला कोण शिकलेले लोक येऊन विचारणार?" खरं आहे. पण विचारायला शिकलेलाच माणूस लागतो असं थोडंच आहे? परदेशातली एक गोष्ट वाचली होती, तीही सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात मुलांना खेळायला जागा उरली नव्हती. १९४७ साली आल्डो व्हान आयक या तरुण वास्तुरचनाकाराने महापालिकेसाठी एका चौकात साधी खेळाची जागा केली. वाळूचा हौद, चढायला लोखंडी कमानी, बसायला बाकं. भोवती कुंपण नाही. ते पाहून दुसऱ्या मोहल्ल्यांतल्या लोकांनी महापालिकेला पत्रं लिहिली, की आमच्याकडेही मोकळी जागा आहे, आमच्याही लेकरांना असं करून द्या. १९७८ पर्यंत अशा सातशेवर जागा झाल्या. लोकांचं साधं पत्रच कामाला आलं. डेन्मार्कमध्ये तर त्याआधीच, १९४३ साली, सोरेन्सन नावाच्या उद्यान-रचनाकाराने कोपनहेगनजवळ मुलांना जुनी लाकडं, विटा, मोडकं सामान दिलं आणि तुम्हीच बांधा म्हणून सांगितलं. त्याने केलेल्या सुंदर बागांपेक्षा मुलांना असल्या सामानात जास्त रस होता, हे त्याने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही पंधरावीस लेकरांना घेऊन पटांगणात गेलो. कबड्डीची आखणी करायला ठेवलेली फक्की होती. मुलांना म्हटलं, बाग तुमच्या मनासारखी आखा. वीट म्हणजे झोका, चप्पल म्हणजे घसरगुंडी, पातेलं म्हणजे पाण्याची टाकी.

पहिली पाच मिनिटं क्रिकेटवाल्या मोठ्या पोरांनीच सगळं पटांगण आखून घेतलं. मुली कडेला उभ्या. मग आम्ही फक्की मुलींच्या हातात दिली आणि पोरांना बसवलं. तेव्हा कुठे त्या बोलायला लागल्या.

बारा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "झोका नंतर. आधी दिवा पायजे. मी भांडी घासून मोकळी होते तव्हा अंधार पडलेला असतो." दुसरीच्या कडेवर धाकटा भाऊ होता. तिने झोक्याशेजारी वाळूचा छोटा चौकोन आखला. भाऊ वाळूत बसला तर तिचे हात मोकळे. अधू मुलाने फाटकाच्या जागी बोट ठेवून सांगितलं, "इथं पायरी नको, उतार करा." पोतेवाल्या पोराने चप्पल उचलली आणि घसरगुंडी लिंबाखाली नेऊन ठेवली. कारंजं कुणीच आखलं नाही.

मागे उभ्या असलेल्या आज्या पुढे आल्या. "आमाला एक ओटा करा लिंबाखाली. फडावर गेलेल्याची नातवंडं आमीच संभाळतो. बसू कुठं?" तरुणांनी चौदा एप्रिलच्या मंचाची जागा मोकळी सोडायला लावली. क्रिकेटवाल्यांशी थोडी भांडाभांडी झाली. शेवटी सकाळी क्रिकेट आणि पाच वाजल्यानंतर सगळ्यांचं, असं ठरलं. पोरांनी कुरकुर केली, पण मान्य केलं.

आणि फाटक? ते सगळ्यांनी एकमताने वस्तीच्या बाजूला आखलं. भगदाड होतं, अगदी तिथंच.

भिंत बांधणाऱ्यांच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. कदाचित मोठ्या रस्त्यावरून बाग छान दिसावी, एवढंच असेल. पण सार्वजनिक जागेचं दार कुणासाठी उघडतं हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव खरा झाला. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीने सरकारी पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक जागाही आल्या. धर्म, जात, लिंग यांच्या कारणाने तिथं कुणाला अडवता येत नाही. बाग ही अशीच जागा आहे. आज कुणी आपल्या लेकरांना हात धरून बाहेर काढत नाही. पण फाटक पलीकडे असलं आणि दिवा नसला, तर लेकरू आपोआपच बाहेर राहतं.

कायदाही आपल्या बाजूने आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा, क्रीडांगणं ही नगरपालिकांची कामं म्हणून लिहिलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला. त्याच्या ३१ व्या कलमात मुलाला खेळण्याचा हक्क आहे आणि १२ व्या कलमात स्वतःच्या बाबतीत मत मांडण्याचा. म्हणजे त्या बारा वर्षांच्या मुलीने दिवा मागितला तो तिचा हक्कच होता.

निघायच्या आदल्या रात्री विहारात अर्ज लिहिला. त्यात फक्कीच्या आखणीचा नकाशा जोडला. एका मुलाने वहीच्या पानावर पावलं मोजून काढलेला. आणि पहिलीच मागणी अशी लिहिली, की बागेविषयीची बैठक वर्षावासात घ्यावी. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज ग्रंथवाचन असतं, बायामाणसं जमलेली असतात, कोयते अजून घरी असतात. त्या तीन महिन्यांत विचारा, वस्ती उत्तर देईल.

भगिनींनो, तुमच्या वस्तीजवळ बाग होणार असेल तर एवढं करा. बैठक कधी आहे ते आधी विचारा, आणि आपली माणसं गावात असतील तेव्हाच ती ठेवायला सांगा. लेकरांना जागेवर नेऊन विचारा, मुलींना वेगळं विचारा. खेळणी लोखंडाची असतील तर सावली मागा. तुटलेली साखळी कोण बदलणार हे ठरवून घ्या. अर्जाची पोच जपून ठेवा. आणि सगळ्यात आधी नकाशावर बोट ठेवून विचारा, फाटक कुणीकडे?

एसटीत बसले तेव्हा भाची खिडकीशी आली. म्हणाली, "आत्या, पुढच्या वर्षी तू फाटकातून येशील ना?"

मी म्हटलं, "तू बैठकीला जा, मग येते."