गळ आणि ताट

कुठला मासा खायला सर्वांत चांगला, हा प्रश्न मी कामोठ्याला राहायला आल्यापासून अनेकांना विचारला आहे. ज्याला विचारावं त्याचं उत्तर निराळं. मुंबईहून आलेले आमचे शेजारी पापलेटापुढं जायला तयार नसतात. शाळेतले एक मालवणकर सहकारी सुरमईचं नाव घेताना डोळे मिटतात. खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या काकू तर बांगड्याला नाव ठेवणाऱ्याला चहासुद्धा विचारणार नाहीत. मी पडलो साताऱ्याकडचा. आमच्या घरी मासा म्हणजे पावसाळ्यात कधीतरी ओढ्याला सापडणारी वस्तू. चव असायची ती मसाल्याची. त्यामुळं या वादात माझं मत कुणी विचारलं नाही, आणि मला मात्र सगळ्यांना विचारत हिंडण्याची मुभा मिळाली.

या बाबतीत मी ज्यांना गुरू केलं ते आबा जुन्या गावठाणात राहतात. पंचाहत्तरी ओलांडलेला, काटकुळा, आगरी माणूस. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी 95 गावांची जमीन घ्यायचं ठरलं. त्यात आबांची भातखाचरंही गेली. एकदा आमच्या घरी चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "मास्तर, तुमची ही इमारत हाय ना, तिथं आमची उघाडी होती." उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. ओहोटीला त्यातून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला ते बंद करून खारं पाणी अडवायचं. त्या दाराशी मासे जमत. आबा हे सांगत होते आणि मी बिस्किटाचा डबा पुढं करत होतो. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

पहिल्यांदा मासे गरवायला गेलो तेव्हा आबांनी विचारलं, "आज तिथ कंची?"

"नवमी."

"मंग नवाची पाऊणकी करा."

मी गणिताचा मास्तर. पण पाऊणकी आताच्या पुस्तकांत राहिलेली नाही. नवाची पाऊण पट पावणेसात, असा हिशेब मी मनात जुळवीपर्यंत आबा तंगूस सोडवायला लागलेसुद्धा होते. तिथीची पाऊण पट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, अष्टमीला सहाला. खाडीच्या पोटात पाणी शिरायला आणखी थोडा वेळ द्यायचा. ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यानं मला माझाच विषय त्या चिखलात उभं राहून शिकवला!

आबांचं सामान अगदी थोडं. नायलॉनचा तंगूस, दोनतीन गळ, शिशाचा तुकडा आणि डब्यात जिवंत कोलंबी. खारफुटीच्या कडेला, पाणी चढू लागलं की गळ टाकायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला जड गेलं. वर्गात दुसऱ्यांना गप्प बसवण्यात माझी पंधरा वर्षं गेलेली.

त्या बैठकांत मला आमच्या खाडीच्या माशांची ओळख झाली. बोय मोठी हट्टी. कोलंबीकडं ढुंकून पाहत नाही, तिला कणकेची गोळीच लागते. साफ करताना तिच्या पोटातलं काळं अस्तर खरवडून काढलं नाही, तर सगळ्या कालवणाला चिखलाचा वास लागतो. शिंगाळा आधी हाताला चव दाखवतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असा विषारी काटा असतो. पण बापाच्या कर्तव्यात त्याची बरोबरी आपल्याला जमायची नाही. मादीनं घातलेली अंडी हा नर तोंडात धरून ठेवतो आणि पिल्लं निघेपर्यंत कित्येक आठवडे उपाशी राहतो. हे कळल्यावर मी घरी मुलांवर आठवडाभर ओरडलो नाही. तांब तळावा, निवट्या लसणीच्या रश्शात घालाव्यात, चिंबोरी अमावास्येला घ्यावी कारण तेव्हा ती भरलेली असते, असं आबा सांगत.

"आणि सर्वांत चांगला कुठला?"

"जिताडा," आबा म्हणत. त्यापुढं चर्चा नाही.

जिताडा हे आमच्या रायगडचं दैवत. घरच्या तळ्यात वाढवावा, पाहुण्याला वाढावा, काम अडलं तर साहेबाकडं न्यावा. मासाही विलक्षण. जन्माला येतो तो नर म्हणून आणि वयात वाढला की त्याची मादी होते. अंडी खाऱ्या पाण्यात, पण पिल्लं खाडीतून गोड्या पाण्याकडं चढतात. पूर्वी ती भातखाचरांतही शिरत.

गेल्या वर्षी आश्विन वद्य दशमीला सकाळी आबांच्या गळाला जिताडा लागला. चारेक किलोचा असेल. तो वर येईपर्यंत आबांचे हात थरथरत होते आणि मी उगाचच "सोडू नका, सोडू नका" म्हणत होतो. उद्या एकादशी, म्हणून आजच जेवायला या, असं त्यांनी बजावलं.

दुपारी पंगत बसली. आबांची सून, नातवंडं, मी. चिंचेचा कोळ आणि लसूण घातलेला तो लाल रस्सा ताटात आला. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. मसाल्याच्या मागून एक वास येत होता. रॉकेलचा.

कुणी काही बोललं नाही. आबांनी एक तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग उठून त्यांनी एकेका नातवंडापुढचं ताट उचललं. "अंडी तळ गं पोरांना," एवढंच ते सुनेला म्हणाले.

घरी परतताना मी मनात कारखान्यांना शिव्या घालत होतो. गाढी, कासाडी या नद्या वरून काय काय घेऊन खाडीत उतरतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण जिन्यात आमच्या मोरीचं पाणी नळातून खळाळत खाली जाताना ऐकलं आणि मला पहिल्यांदाच वाटलं, हे कुठं जातं? उघाडीच्या जागी आम्ही राहायला आलो; ज्या वाटेनं आबांच्या शेतातलं पाणी खाडीला मिळत होतं, त्याच वाटेनं आता आमचं जात असेल. त्या रश्शातल्या वासात माझाही थोडा वाटा असणार.

आबा अजून खाडीवर जातात. मासा लागला की बोटानं गळ सोडवतात, त्याच्याकडं क्षणभर पाहतात आणि पाण्यात सोडून देतात. पलीकडच्या विमानतळावरून 2025 च्या डिसेंबरपासून विमानं उडू लागली आहेत. ती डोक्यावरून गेली तरी आबा वर पाहत नाहीत. परवा मी पुन्हा विचारलं, सर्वांत चांगला मासा कुठला? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरांना वाढताना हात आडखलत ना, तो."

दर दिवाळीला आमच्या घरून आबांकडं फराळाचं ताट जातं. ताट रिकामं परत करू नये, ही रीत. इतकी वर्षं ते भाऊबीजेनंतर यायचं ते खाडीच्या माशाचे दोन तुकडे घेऊन. गेल्या दिवाळीला त्यावर मूठभर साखर होती.

साखर गोडच होती. सौभाग्यवतीनं ती डब्यात ओतली आणि ताट घासायला टाकलं. यंदाही ताट जाईल. करंज्या थोड्या जास्त ठेवायला सांगितल्या आहेत. ते काय घेऊन परत येतं, याची मी वाट पाहतो आहे.