जेव्हा पाहा तेव्हा

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या वर्गात ‘किती वेळा’ सांगणारे शब्द आले की फळ्यावर एक शिडी उभी राहते. सगळ्यात वर ऑलवेज, शंभर टक्के. मग युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली असं उतरत यायचं आणि तळाशी नेव्हर, शून्य. मुलं ती शिडी पाच मिनिटांत पाठ करतात, परीक्षेत गाळलेल्या जागा बिनचूक भरतात आणि प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की हे शब्द तोंडातून निघत नाहीत, निघाले तर भलत्या जागी निघतात. गडचांदूरला स्पोकन इंग्लिश शिकवताना माझं मत असं होत गेलं, की यात पाठांतराचा दोष नाही, शिडीचाच आहे. हे शब्द मोजदाद करत नाहीत. एखादी गोष्ट घडावी अशी अपेक्षा किती होती आणि आपण जे सांगतोय त्याची हमी बोलणारा किती घेतोय, हे ते सांगतात.

हा नुसता शिक्षकी अंदाज नाही. अमेरिकेत १९४४ साली सिम्पसन यांनी आणि १९६८ साली मिल्टन हेकेल यांनी लोकांना विचारलं, की ऑफन म्हणजे शंभरात किती वेळा, युज्वली म्हणजे किती वेळा? सरासरी काढल्यावर दोन्ही वेळचे आकडे बरेच जुळले, पण माणसामाणसाच्या उत्तरांत मोठी तफावत निघाली. १९७४ साली पेपर आणि प्रायटुलक या दोघांनी पुढची गोष्ट दाखवली: मुळात विरळ घडणाऱ्या प्रसंगाला जोडला की तोच शब्द लोकांना लहान आकडा सुचवतो. आमच्या कोरपना तालुक्यात हे पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. ‘लाइन अधूनमधून जाते’ आणि ‘जिवतीकडच्या रस्त्यावर बिबट अधूनमधून दिसतो’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. लाइनच्या बाबतीत ऐकणारा आठवड्यातून दोनतीनदा असं समजेल, बिबट्याच्या बाबतीत वर्षातून दोनतीनदा, आणि तरी दुसरं वाक्य ऐकून तोच जास्त दचकेल. मग ‘समटाइम्स’पुढे पन्नास टक्के लिहून आपण मुलांना नक्की काय दिलं?

मोजदाद आणि हमी यांतला फरक या गावात पोटापाण्याचा आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आणि त्यांच्या चुनखडीच्या खाणी आहेत, राजुऱ्याकडे कोळसा आहे. तिथे नोकरीच्या मुलाखतीत सुरक्षेवर प्रश्न येणारच. ‘डू यू ऑलवेज वेअर युअर हेल्मेट?’ याला शिडी पाठ केलेला प्रामाणिक मुलगा ‘युज्वली’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या हिशेबात नव्वद टक्के म्हणजे उत्तम गुण. समोरच्याला मात्र ऐकू येतं ते उरलेले दहा टक्के. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने संभाषणाचं जे तर्कशास्त्र मांडलं त्यातला एक भाग इथे थेट लागू पडतो: मोठा शब्द हाताशी असताना माणसाने छोटा निवडला, तर ऐकणारा समजतो की मोठा त्याला वापरता येत नव्हता. म्हणून ‘युज्वली’ बोलताच त्याच्या पोटात एक ‘पण’ येतो. ‘आय युज्वली टेक द बस’ म्हटलं की पुढे ‘पण आज गाडीने आलो’ हे ऐकायला कान तयार होतात. उलट घरच्या भांडणातलं ‘यू नेव्हर लिसन’ कोणी शून्य टक्के म्हणून तपासत नाही. तो आकडा नसून राग असतो.

आता मुद्दा मराठीचा, आणि त्यातही आमच्या बाजूच्या मराठीचा. मराठी बोलणारा वारंवारतेचं पुष्कळ काम क्रियापदाकडून करून घेतो. ‘मी रविवारी बाजारात जात असतो’ यात ‘नेहमी’ नाही, तरी सवय कळते. हा ‘जात असतो’ इंग्रजीत नेताना ‘आय अॅम ऑलवेज गोइंग टू द मार्केट ऑन संडेज’ असं होतं, आणि व्याकरणाची पुस्तकं ती चूक म्हणून नोंदवून थांबतात. पण विदर्भातल्या मुलाकडे यावर घरचा उपाय आहे. आत्ता चाललेल्या क्रियेसाठी तो ‘जाऊन राहिलो’ म्हणतो, सवयीसाठी ‘जातो’ किंवा ‘जात असतो’. दोन्हींची गल्लत तो कधीच करत नाही. त्याला एवढंच सांगायचं, की जिथे तू ‘करून राहिलो’ म्हणशील तिथे इंग्रजीत आयएनजी लाव, बाकी ठिकाणी साधा वर्तमानकाळ. गंमत याच्या पुढे आहे. इंग्रजीत ऑलवेज आणि आयएनजी एकत्र येतातच, पण बहुधा कुरकुरीत किंवा लाडाच्या तक्रारीत: ‘ही इज ऑलवेज लुकिंग अॅट हिज फोन.’ आणि नेमकं तिथेच आमच्याकडची आई म्हणते, ‘जेव्हा पाहा तेव्हा मोबाइलच पाहून राहते!’ ती काही चोवीस तास मोजत बसलेली नसते. सवयीचं वाक्य सोडून तिने चालू क्रियेचं रूप उचललं, कारण तिला तक्रार करायची आहे. पुस्तकात जो अपवाद बारीक टाइपात येतो, तो तिच्या बोलीत नियमासारखा चालतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे: इंग्रजीच्या वर्गात बोली आणली तर मुलं धड इंग्रजी शिकणार नाहीत, धड प्रमाण मराठीही नाही. मला हे पटत नाही. बोली तिथे बोलायला आणायची नाही, पारखायला आणायची आहे. ‘करून राहिलो’ची कसोटी मनात एकदा लागली की ती काही महिन्यांत आपोआप गळून पडते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हा राजुऱ्याचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. इथे घरात तेलुगू बोलणारी मुलं आहेत, गोंडी आणि कोलामी बोलणारी आहेत, कारखान्यांमुळे आलेली हिंदी भाषकही. मराठी क्रियापदाचा आधार त्यांच्या काय कामाचा? काही अंशी हे खरं आहे आणि प्रत्येक भाषेची चावी माझ्याकडे नाही. पण मराठीचं ‘कधी कधी’, हिंदीचं ‘कभी कभी’ आणि तेलुगूचं ‘अप्पुडप्पुडु’ एकाच पद्धतीने, शब्द दोनदा म्हणून बनलेले आहेत, हे दाखवलं की मुलं स्वतःच आपापल्या घरची उदाहरणं काढू लागतात. शिडीपेक्षा हा रस्ता लांबचा आहे, आणि तरीही मी तोच घेते.

शब्दाच्या जागेबद्दल मात्र मी फार हट्ट धरत नाही. ऑलवेज मुख्य क्रियापदाच्या आधी आणि इज-आर-अॅमच्या नंतर, हा नियम खरा आहे आणि शिकवावाच. पण ‘आय डेली गो’ म्हणणाऱ्या मुलाचं म्हणणं जगात कुठेही कळतं. ‘एव्हरी डे’ वाक्याच्या शेवटी न्यायची सवय ऐकून ऐकून लागते. न कळणारी चूक वेगळी असते, आणि ती नकाराची. मराठीत ‘कधीच’सोबत ‘नाही’ हवंच, म्हणून ‘आय नेव्हर डोन्ट ड्रिंक’ सहज बोललं जातं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा रोज पितो की काय! इथे मी थांबवते. सेल्डम मात्र मी शिकवतच नाही. छापील इंग्रजीत तो आहे, बोलण्यात फारसा उरलेला नाही. आपण ‘तो फारसा येत नाही’ म्हणतो, इंग्रजीतही ‘ही डझन्ट कम व्हेरी ऑफन’ म्हणतात. दोन्हीकडे नकार क्रियापदावरच बसतो, तेव्हा मराठी माणसाला हे वाक्य रेअरली किंवा सेल्डमपेक्षा जवळचं पडतं.

राहिली परीक्षा. गाळलेल्या जागांत शिडीच विचारतात हे खरंय आणि मुलांचे गुण बुडवायचा मला अधिकार नाही. म्हणून शब्दांचा क्रम मी लिहून देते, टक्के लिहीत नाही. तोंडी सरावात मात्र प्रत्येक उत्तराला दुसरा प्रश्न जोडलेला असतो. ‘युज्वली’ म्हणालास, मग कधी नाही? ‘ऑलवेज’ म्हणालीस, मग काल? पोरं आधी वैतागतात, मग एकमेकांना तेच विचारायला लागतात.