अर्धलीच्या तलंगा

शिरपूरच्या आठवडे बाजारात कोंबडीचा भाव रंगावर ठरतो. कुणाला नवसाला काळा कोंबडा हवा असतो, कुणाला भगताने तांबडा सांगितलेला असतो. गिऱ्हाईक पंख उचलून बघतं, तुरा बघतं, अंगठ्याने छातीचं हाड चाचपतं आणि पैसे मोजतं. कोंबडी कशा रंगाचं अंडं घालते, हे कोणी विचारत नाही. ते विचारायला मला शिकवलं बोराडीकडच्या एका पाड्यावरून येणाऱ्या पावरा मावशींनी. माझ्या परसात आज गडद तपकिरी अंडी घालणाऱ्या ज्या गावरान कोंबड्या आहेत, तो वाण त्यांचा आहे.

त्यांच्या डालग्यात काळ्या अंगाच्या आणि तांबूस मानेच्या तलंगा असायच्या. सासऱ्यांच्या काळी कुणीतरी सरकारी तांबडा कोंबडा पाड्यावर आणला होता, त्याचं रक्त यांच्यात आहे, असं त्या सांगत. ते खरं असावं. गावरान सुधारायला ऱ्होड आयलंड रेडचे कोंबडे त्या काळी गावोगाव वाटले गेले होते, आणि साध्या गावरानाचं अंडं फार तर बदामी असतं. मी त्या तलंगांच्या पिसांवर भाळलो होतो. मावशी म्हणाल्या, “पखं काय देखी ऱ्हायना भाऊ, अंडं देख.” आणि पदराखालच्या टोपलीतून त्यांनी अंडं काढून दाखवलं.

पैसे मात्र घेतले नाहीत. उबवायची अंडी त्या विकत नसत, अर्धलीने देत. माझी कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली त्यांची अंडी ठेवायची, आणि पिल्लं मोठी झाली की निम्मी त्यांना परत. परत देताना निवड त्यांची. त्या निवडीच्या वेळी मी शेजारी बसायचो, आणि माझं खरं शिक्षण तिथे झालं.

पीस बघायचं ते सकाळच्या तिरप्या उन्हात. अस्सल काळ्या पिसावर हिरवी झाक येते. जांभळी झाक आली तर ते पीस त्यांना पसंत नसे. खान्देशच्या उन्हाने विटलेलं जुनं पीस तपकिरी दिसतं, म्हणून पीसगळ होऊन नवं पीस आल्याशिवाय काळ्या कोंबडीला नाव ठेवायचं नाही. पिल्लाच्या रंगावर तर काहीच ठरवायचं नाही. पहिली लव जाते, मग कोवळी पिसं येतात, तीही जातात, आणि पाच-सहा महिन्यांनी खरा रंग उभा राहतो. कोंबड्याची मान तांबूस हवी, पण तो तांबूसपणा छातीभर पसरलेला नको. हे सगळं त्या बारकाईने बघत. आणि मग बाजूला ठेवत.

कारण त्यांच्या लेखी पीस म्हणजे आडनाव. घर कोणतं ते कळतं, माणूस कसा ते कळत नाही. तांबूस मानेवरून एवढंच समजायचं की ही त्या जुन्या काळ्या कोंबडीच्या कुळातली असेल. तिचं अंडं कसं, हे तिला डालग्याखाली झाकूनच ठरायचं. रोज सकाळी त्या बोटाने अंदाज घेत. जिच्या पोटात अंडं, ती डालग्याखाली. अंडं पडलं की त्यावर कोळशाची खूण. तलंगेचं पहिलं अंडं सर्वांत गडद असतं, त्याला त्या भुलत नसत. दीड-दोन महिने घालून झाल्यावरही ज्या कोंबडीचा रंग टिकतो, तिचीच अंडी उबवायला.

पुढे मी याबद्दल वाचलं, तेव्हा मावशींचा प्रत्येक नियम पुस्तकात पुन्हा भेटला. कवच तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात आणि तपकिरी रंगाचा बराचसा भाग शेवटच्या काही तासांत वरून चढतो. म्हणून तपकिरी अंडं फोडलं की कवच आतून फिकं निघतं. हंगाम लांबला, उष्मा वाढला, कोंबडी घाबरली की रंग उतरतो. गडदपणा एका जनुकावर नाही, अनेकांवर चालतो, आणि पिसांचा रंग ठरवणारी जनुकं बहुतेक वेगळी. फ्रान्सच्या मारान्स गावची कोंबडी चॉकलेटी अंड्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिचा अंड्याचा रंग जोखायला एक ते नऊ अशी पट्टी आहे, आणि तिचीही पसंतीची रंगसंगती काळं अंग, तांबूस मान हीच. तिच्या रक्तात चीनकडची लँगशान आहे. गडद कवच युरोपात गेलं ते आशियातून. तिथल्या पाळणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो: मान सुंदर, अंडं फिकं. आपल्या शेजारच्या झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कितीतरी लोक मला काळं अंडं मागतात. कडकनाथची कातडी काळी, मांस काळं. अंडं मात्र फिकं बदामी.

कोंबड्याचं काय, हा माझा जुना प्रश्न. तो तर अंडं घालत नाही. मावशींचं उत्तर सरळ होतं: आधी त्याच्या आईचं अंडं बघ, मग त्याच्या लेकींचं. लेकी अंड्यावर येईपर्यंत कोंबडा विकायचा नाही, कितीही भाव येवो. गरिबीत हा नियम पाळणं किती अवघड, हे मला पुढे समजलं. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, भारतातला पहिला. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि आमच्याकडच्या बाजारातही कोंबडीला कोणी हात लावेना. मावशींचे हाल झाले. तरी जुना कोंबडा आणि चार अंड्याच्या कोंबड्या त्यांनी राखल्या.

त्यानंतर एका उन्हाळ्यात माझ्याकडे मानमोडी आली. आठवड्याच्या आत खुराडं रिकामं झालं. मी मावशींना सांगायला गेलो तो वाण संपला असं समजूनच. त्या उठल्या आणि मीच अर्धलीत परत केलेल्या तलंगांच्या पोटच्या दोन कोंबड्या आणि एक कोंबडा त्यांनी माझ्या पिशवीत घातला. अर्धलीला मी त्यांची रीत समजत होतो, गरीब माणसाचा व्यवहार समजत होतो. ती वाण वाचवण्याची व्यवस्था होती. एका घरात रोग शिरला तर दुसऱ्या घरात रक्त उरावं, म्हणून त्यांनी पाड्यावर, सांगवीकडे, शिरपुरात अशी अनेक घरं जोडून ठेवली होती. त्यांच्याकडचं संपलं असतं, तर तेही कुणाच्या तरी परसातून परत आलं असतं.

मावशी आता नाहीत. अर्धली चालू आहे, त्यांच्या नातीशी. ती शिकलेली आहे, अंड्यांच्या रंगाचे फोटो काढून ठेवते, आणि लसीच्या तारखा मला तीच कळवते. यंदाची पिल्लं पाच महिन्यांची झाली आहेत. दोन तलंगा तिच्या निघतात. एका कोंबड्यावरून आमचं अजून जमलेलं नाही. मला त्याची मान आवडते. ती म्हणते, त्याच्या आईचं अंडं पावसाळ्यात फिकं पडलं होतं, फोटो आहे तिच्याकडे.