पाठीमागचा दिवा

आपल्या वस्त्यांमध्ये चारचाकी आली ती अगदी अलीकडे, आणि आली तीही बहुतेक जुनी. आमच्या वडिलांच्या पिढीने सायकलवर कंपनीचा भोंगा गाठला, आमच्या पिढीने स्कूटरचे हप्ते फेडण्यात उमेद घालवली. आता भाचे-पुतणे पैसे जमवून कुठे जुनी इंडिका, कुठे जुना टेम्पो घेतात. कुणी भाड्याने लावतो, कुणी फक्त लग्नकार्याला बाहेर काढतो. चांगली गोष्ट आहे. १९९८ साली बाजारात आलेली इंडिका पिंपरीच्या कारखान्यात तयार झाली, तिच्यासाठी याच पट्ट्यातल्या कामगारांचा घाम गळला. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले आणि आता ती जुन्या बाजारातून आपल्या दारात येते. यात आम्हाला तरी काही कमीपणा वाटत नाही.

पण गाडी घेताना आपण काय काय पाहतो ते आठवा. इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरची नक्षी पाहतो, सीटकव्हर चाचपतो, गाणी वाजतात का तेही पाहतो. पाठीमागचे दिवे? ते कोण पाहणार! चालवणारा पुढे बसलेला. त्याचा हेडलाईट गेला तर त्यालाच रस्ता दिसत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिवशी बदलतो. मागचा दिवा गेला तर त्याचे काहीच अडत नाही. अडते ते मागून येणाऱ्याचे.

आणि या पट्ट्यात मागून येणारा कोण असतो? रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर नाशिक रस्त्याला उभे राहून पाहा. चाकणचा तळेगाव चौक, पुढे कुरुळी, चिंबळी फाटा, इंद्रायणीचा पूल, मोशी, भोसरी. पुढे कंटेनर, टेम्पो, कंपन्यांच्या बसेस आणि त्यांच्या मागे मोटारसायकलींची रांग. एका गाडीवर दोघे, जेवणाचा डबा हँडलला, कानाला रुमाल, आठ तास उभे राहून डोळे तारवटलेले. बसमधल्या माणसाभोवती निदान पत्रा असतो, या पोरांभोवती काय असते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच घरी येत होता. वय तेवीस, कंत्राटी कामगार. चिंबळी फाट्याजवळ पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. टेम्पोला ब्रेक होता, ब्रेकचा दिवा नव्हता. मुलाच्या मांडीचे हाड मोडले, रॉड घालावा लागला. महिनाभरात कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. घरी आई चार घरची धुणीभांडी करते, बहीण बारावीला. दवाखान्याच्या बिलासाठी आम्ही वस्तीत वर्गणी गोळा केली, त्यामुळे सगळे आकडे आमच्या वहीत आहेत. ते येथे मांडत नाही, मुलाच्या आईला आवडणार नाही. टेम्पोवालाही काही मुजोर नव्हता. आपल्यासारखाच पोटासाठी हिंडणारा. "काका, दिवा गेलाय हे मला माहीतच नव्हतं," असे तो दवाखान्याच्या जिन्यात म्हणाला, आणि ते खरे होते. जो बल्ब नव्हता त्याची किंमत दोन वडापावाएवढी.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. वॅट आणि व्होल्ट आम्हाला कुणी शिकवले नाहीत. पण त्या जिन्यातल्या बोलण्यानंतर वस्तीतल्या वायरमनच्या टपरीवर चार रविवार बसलो आणि विचारून विचारून समजून घेतले. ते इथे सांगतो.

बहुतेक जुन्या मोटारींत मागच्या तांबड्या दिव्यात एकच बल्ब असतो, पण त्याच्या पोटात दोन तारा असतात. एक ५ वॅटची, दुसरी २१ वॅटची. दुकानात याला डबल कॉन्टॅक्टचा बल्ब म्हणतात. दिवे लावले की ५ वॅटची तार मंद जळते. ती मागच्याला सांगते, इथे गाडी आहे. ब्रेकवर पाय पडला की २१ वॅटची पेटते. ती सांगते, थांबतोय, सांभाळ! दोन्हींच्या उजेडातला फरक हीच सगळी भाषा आहे. म्हणून आमची तरुण मंडळी शोभेसाठी दिव्यावर काळी फिल्म चिकटवतात, तेव्हा आम्हाला राग येतो. बोलणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखेच ते आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत, आणि उजेड पुरेसा नसेल तेव्हा केव्हाही, गाडीचे दिवे लागलेले हवेत आणि मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. म्हणजे साधारण दोनशे पावले. काळ्या फिल्ममागून दोनशे पावलांवर काय दिसणार?

बल्ब बदलणे घरच्या घरी होते. दिवे बंद, किल्ली काढलेली आणि बल्ब गार झालेला हवा, नाहीतर चांगलाच चटका बसतो. डिकी उघडल्यावर काही गाड्यांत आतून झाकण असते, काहींत कडेचे स्क्रू काढून सगळा दिवाच बाहेर ओढावा लागतो. होल्डर फिरवून काढायचा, बल्ब किंचित आत दाबून डावीकडे वळवायचा, की सुटला. नवा बसवताना त्याच्या धातूच्या बुडाशी असलेल्या दोन बारीक खुंट्या पाहा. डबल कॉन्टॅक्टच्या बल्बाला त्या मुद्दाम खालीवर दिलेल्या असतात, म्हणजे तो एकाच रीतीने बसावा. इंडिकेटरच्या एकेरी बल्बाच्या खुंट्या एका पातळीत असतात. हा एकेरी बल्ब जोर लावून दुहेरी होल्डरमध्ये कोंबला, तर आतले दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकांना जोडले जातात. मग ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे पेटतात, मीटरवरचे दिवे पेटतात, आणि लोक म्हणतात गाडीला काहीतरी झाले आहे! काही झालेले नसते. मोटारीला १२ व्होल्टचा बल्ब लागतो, मोठ्या ट्रकला २४ चा, एवढेही दुकानात सांगून घ्यावे.

नवा बल्ब घालूनही उजेड नसेल तर होल्डरमध्ये बघा. दिव्यामागची रबराची पट्टी कुजली की पावसाचे पाणी शिरते आणि पितळेवर हिरवा काट चढतो. पॉलिश पेपरने तो घासून काढला की अर्ध्या तक्रारी मिटतात. इंडिकेटर दिला असता शेजारचा तांबडा दिवाही मिचमिचू लागला, तर अर्थची वायर सैल किंवा गंजलेली आहे असे समजावे. आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक दिवे एकदम गेले असतील तर बल्ब घेण्याची घाई करू नये. दोन बल्ब एकाच दिवशी सहसा जात नाहीत. बहुधा फ्यूज उडालेला असतो किंवा ब्रेकच्या पेडलजवळचा छोटा स्विच बिघडलेला असतो.

आता एलईडीचा प्रश्न. आमचा भाचा चाकणला गाड्यांचे दिवे करणाऱ्या एका कारखान्यात लाईनवर आहे. त्याच्या हातून जाणारा प्रत्येक दिवा पेटवून पाहिल्याशिवाय खोक्यात जात नाही, आणि त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलचा मागचा दिवा मात्र सहा महिने बंद होता! आम्ही ते दाखवले तेव्हा तो हसला. म्हणाला, "मामा, आता एलईडीच टाकतो." त्यानेच मग नीट समजावले. तारेचा बल्ब पूर्ण तेजाने पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा घेतो, एलईडी लागलीच पेटतो. साठच्या वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात सव्वातीन मीटर पुढे येते. सव्वातीन मीटर म्हणजे मोटारसायकलच्या दीडपट लांबी. हा फायदा खोटा नाही.

पण दिवाच मुळात एलईडीचा बनवलेला असणे वेगळे, आणि जुन्या दिव्यात रस्त्यावरचा स्वस्त एलईडी खोचणे वेगळे. आतला चकचकीत आरसा तारेच्या जागेचा हिशेब करून घडवलेला असतो. एलईडीचे दाणे भलत्याच ठिकाणी असले की उजेड बाजूला पसरतो आणि थेट मागून पाहणाऱ्याला कमी दिसतो. पार्किंग आणि ब्रेक यांतला फरकही पुसट होतो. पांढऱ्या एलईडीचा बराचसा उजेड तांबड्या काचेतच अडकतो, म्हणून बसवायचाच तर तांबडाच आणि चांगल्या प्रतीचा घ्यावा. इंडिकेटरला एलईडी लावला तर करंट कमी ओढला जातो, बल्ब गेला आहे असे समजून फ्लॅशर टिकटिक दुप्पट वेगाने करतो, मग त्याला रेझिस्टर जोडा, तो तापतो, त्यासाठी जागा शोधा. आमचे मत विचाराल तर जुन्या गाडीला कंपनीने दिला तसाच बल्ब बरा. हौस असेल तर मागच्या काचेला वरती तिसरा ब्रेक दिवा वायरमनकडून नीट जोडून घ्यावा. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना तो सक्तीचा केला, कारण मधली गाडी आड आली तरी तो उंचावरचा दिवा मागच्याला दिसतो.

दिवे तपासायला मेकॅनिक लागत नाही. आमच्या मंडळी गाडीमागे उभ्या राहतात आणि "डावा नाही लागला," असे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे सांगतात. एकटे असाल तर अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबा, भिंतीवरची लाली आरशात दिसते.

दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी आम्ही विहारासमोरच्या मोकळ्या जागेत वस्तीतल्या गाड्या बोलावल्या. रिक्षा, टेम्पो, मोटारी, मोटारसायकली. वायरमनने मजुरी घेतली नाही, बल्ब ज्याच्या त्याच्या पैशाने. शाळकरी मुली मागे उभ्या राहून वहीत डावा-उजवा लिहीत होत्या. ज्याची गाडी नवी त्यालाही खात्री होती की आपले सगळे लागतात, आणि त्यातल्याही काहींचे लागत नव्हते. भाच्याच्या मोटारसायकलला साधा बल्बच बसला.

शेवटी एक टेम्पो उरला. त्याचा उजवा होल्डर वितळला होता, कुणीतरी जास्त वॅटचा बल्ब घातला असावा. तसा होल्डर पिंपरीत मिळाला नाही, पुण्यात बघायला सांगितले आहे. तोवर रात्री गाडी काढू नकोस असे मालकाला म्हणालो. त्याने मान डोलावली, पण भाजीची फेरी पहाटे चारची असते हे आम्हालाही ठाऊक. म्हणून त्याच्या फाळक्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवून दिली, आणि डावा दिवा दोनदा ब्रेक दाबायला लावून पाहिला.